बंद कारखान्यांचे फोटो: छंदाचा धंदा करायचा तर गेटमधून आत जा



बंद पडलेले कारखाने शोधायचे, गंजलेल्या मशिनरीचे फोटो काढायचे आणि रील टाकायची, हा छंद आता पुण्यातल्या तरुणांनाही लागलाय. त्यातले काही जण विचारतात, "सर, यातून पैसे मिळतील का?" माझं मत स्पष्ट आहे. मिळतील, पण भिंतीवरून उडी मारणाऱ्याला नाही. लेखी परवानगी घेऊन गेटमधून जाणाऱ्याला मिळतील.

आधी बघू, गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं. ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस घ्या. मुंबई-पुणे रेल्वे विजेवर आणताना १९२९ मध्ये रेल्वेने ते सुरू केलं. कोळशावर चालणारं, रेल्वेच्या स्वतःच्या मालकीचं. १९३० पासून आपली डेक्कन क्वीन विजेवर धावतेय, त्यामागे हे असे बॉयलर धगधगत होते. ऐंशीच्या दशकात ते बंद पडलं. नुसता गंजलेला बॉयलर फुकटात कुठेही बघायला मिळतो. डेक्कन क्वीनने रोज जाणाऱ्या पुणेकराला ही गोष्ट सांगा, तो खिशात हात घालेल.

जर्मनीतल्या एसेन शहरात झोलफराइन नावाची कोळसा खाण १९८६ मध्ये बंद झाली. तिथल्या प्लांटमध्ये कोळसा धुऊन दगड वेगळा काढायचे. तत्त्व साधं: कोळसा हलका, दगड जड, म्हणून दगड तळाला बसतो. २००१ मध्ये ही जागा जागतिक वारसा ठरली आणि त्याच धुण्याच्या प्लांटमध्ये आज म्युझियम आहे. आपल्याकडेही वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि एमटीडीसीने २०१६ मध्ये नागपूरजवळ सावनेरला खाण-पर्यटन सुरू केलं. पुणे स्टेशनजवळच्या राजा बहादूर मिलच्या आवारात आज हॉटेलं आहेत. तिन्हीकडे मालकाच्या संमतीनेच माणसं आत येतात.

आता कटू भाग. २०१३ मध्ये मुंबईच्या शक्ती मिलच्या पडक्या आवारात, कामासाठी फोटो काढायला गेलेल्या महिला छायाचित्रकारावर सामूहिक अत्याचार झाला. दोष तिचा अजिबात नव्हता. पण उद्या तुम्ही पैसे घेऊन दहा जणांना अशा जागी नेलंत, तर त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी तुमची. शिवाय जुन्या बॉयलरच्या पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, लोखंडी जाळ्या आतून सडलेल्या असतात, कोळशाच्या बंकरमध्ये श्वास कोंडू शकतो. "काही होत नाही हो" हे वाक्य धंद्यात चालत नाही.

मग करायचं काय? माझ्या मते खरी संधी पडक्या जागेत नाहीच, अजून न पडलेल्या जागेत आहे. भोसरी, हडपसर, पिंपरीत जुनी मशीन बदलली जातात आणि थेट भंगारात जातात. त्या मालकाकडे जा. सांगा, "मशीन निघायच्या आधी तिचे फोटो काढतो, ती चालवणाऱ्या कामगारांच्या आठवणी लिहून घेतो, तुमच्या कंपनीच्या वर्धापनदिनाला पुस्तक करून देतो." मालक स्वतः गेट उघडेल.

हिशोब उदाहरणादाखल बघा. एका कामाचे ३०,००० घेतले. प्रवास, छपाई, मदतनीस मिळून १४,००० गेले. निवृत्त फिटर काका दोन दिवस सोबत आले, त्यांचे ४,०००. उरले १२,०००. काकांचे पैसे कापू नका बरं का! कुठला आवाज आला की मशीन बिघडणार, हे त्यांनाच माहीत. ते गेले की ती माहिती कुठल्याच भंगारवाल्याकडे मिळणार नाही.

या आठवड्याचं काम: ओळखीतला एक जुना कारखाना निवडा, मालकाला एक पानी प्रस्ताव द्या आणि तिथल्या सगळ्यात जुन्या कामगाराला चहाला भेटा. कॅमेरा सध्या घरीच ठेवा.