अकरा ‘कदाचित’

या अंकातल्या एका लेखातले अकरा ‘कदाचित’ मी लाल शाईने खोडले होते. ते सगळेच्या सगळे परत आले. लेखिका आमच्या मालवणचीच. तारलीवर पीएच.डी. करते आहे, चौथं वर्ष चालू आहे. खोडलेली पानं तिने माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, ‘‘काका, शुद्धलेखन काय ते बघा. ‘कदाचित’ना मात्र हात लावू नका. चार वर्षांत मी तेवढेच कमावलेत.’’

वर्षानुवर्षं संपादकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला हे ऐकायची सवय नसते. मी मागितलं होतं ते साधं होतं : तारली कमी का झाली, ते वाचकाला कळेल असं सांग. मथळासुद्धा ठरवून ठेवला होता, ‘तापल्या समुद्राचे बळी’. पैठणीच्या जाहिरातीसमोर तो बरा दिसला असता. तिने लेख दिला चौदा पानांचा, आणि पानागणिक एखादी अडचण.

दिवाळी अंकाची सुरुवात माशाने करतात का, असं आमच्या कार्यालयातच विचारून झालं आहे. कोकणात हा प्रश्न पडू नये. श्रावण पाळून, गणपती पोचवून, नवरात्र उठवून माणूस बाजारात जातो, तेव्हा टोपलीत जी तारली असते ती वर्षातली सगळ्यात भरलेली. पावसाळ्यात अंडी घालून मोकळी झालेली आणि मग पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून गाळून अंगावर चरबी चढवलेली. तवा तापवून नुसती ठेवली तरी स्वतःच्या तेलात भाजून निघते. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. तारलीला तो कोणी देऊ केला नसता. हा वाट्यावर विकला जाणारा मासा, फार आला तर माडाच्या मुळात खत म्हणून जाणारा. पाहुणे येणार असले की तारली आणत नाहीत, आणि पाहुणे गेले की पहिली तीच आणतात.

या माशाचं खरं राज्य मात्र केरळात. तिथे तिला मत्ती म्हणतात, चाळाही म्हणतात, आणि तिच्यावाचून तिथल्या गरिबाचं जेवण होत नाही. २०१२ मध्ये एकट्या केरळात जवळपास ४ लाख टन तारली किनाऱ्याला लागली. २०२१ मध्ये ३,२९७ टन. शंभरातला एकसुद्धा उरला नाही. ज्या राज्याने तारली खाण्यात कधी हात आखडता घेतला नाही, त्याच्या बाजारात ओमानहून आलेली मत्ती विकायला बसली. एवढं कळल्यावर माझ्यासारखा माणूस लगेच ‘समुद्र तापला’ म्हणून मोकळा होतो. तापला आहेच. पुण्यातल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत काम करणारे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं आहे की गेल्या शतकात पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळ्यातलं तापमान सुमारे १.२ अंशांनी वाढलं, आणि सहा दशकांत तिथलं सूक्ष्म शेवाळ २० टक्क्यांपर्यंत घटलं. शेवाळ घटलं, म्हणजे तारलीचं ताट रिकामं झालं. संपला लेख.

‘‘मग १९९४ चं काय करू?’’ तिने विचारलं. त्या वर्षी केरळात १,५५४ टनच तारली मिळाली होती, २०२१ पेक्षाही कमी. आणि तिथून ती अठरा वर्षांत ४ लाखांच्या जवळ गेली, समुद्र तापतच असताना.

ती आणखी मागे गेली. १९४० च्या आसपास मलबारची तारली अशीच गेली होती. मद्रास सरकारच्या मत्स्यखात्यातले देवनेसन यांनी १९४३ मध्ये त्यावर अहवाल लिहिला आणि बोट ठेवलं ते जाळ्यांवर. पिल्लं आणि अंड्यावरची मादी, दोन्ही ओरबाडली जातात म्हणून. त्यातल्या एका जाळ्याचं नावच ‘मत्तीकोल्ली वला’, म्हणजे मत्ती मारणारं जाळं. सरकारने त्याच वर्षी लहान तारली धरण्यावर आणि अशा जाळ्यांवर बंदी घातली, पुढे ती उठवलीही. पण तेव्हा ना ट्रॉलर होते, ना झुंडीला वेढणारं पर्ससीन, ना रात्री पाण्यावर टाकायचे एलईडी दिवे. होड्या वल्ह्याच्या नि शिडाच्या. एवढ्याशा हातांनी एवढा मासा संपवला असेल? आणि संपवला असेल, तर तो पुन्हा आला कसा? ‘कदाचित’ क्रमांक तीन आणि चार इथले आहेत.

क्रमांक सहा तर आपल्या अंगणातला. जुन्या नोंदी पाहिल्या तर तारलीचा मोठा साठा कारवारच्या खालीच असायचा. १९८० च्या दशकानंतर ती उत्तरेकडे, आपल्याकडे आणि त्याच्याही वर, जास्त मिळू लागली. मत्स्यशास्त्रज्ञ त्याचा संबंध वाढत्या तापमानाशी जोडतात. म्हणजे ज्या उष्णतेने केरळात बोंब झाली, तिनेच काही वर्षं सिंधुदुर्गाच्या टोपल्या भरल्या. कदाचित. हा शब्द मी खोडला होता तेव्हा वाक्य किती ठाम वाटत होतं!

ती काम कसं करते ते पाहायला एकदा पहाटे मी तिच्याबरोबर किनाऱ्यावर गेलो. रापण ओढून झाली होती, वाटे पडत होते. ती एका टोपलीशी उकिडवी बसली. हाताशी मोजपट्टी ठोकलेली लाकडी फळी, शाई पसरलेली वही, डबीत ब्लेड. मासा फळीवर ठेवायचा, नाकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजायचा, आकडा लिहायचा, पुढचा घ्यायचा. दर दहा-बारांतला एक बाजूला. तो तिला विकत घ्यावा लागतो, कारण चिरलेला मासा कोण घेणार? शिष्यवृत्ती सहा-सहा महिने येत नाही, तेव्हा ती हे पैसे आईकडून घेते. बाजूला काढलेल्या माशाचं पोट उघडून ती गाबोळी काढते, तोलते. जठरातला हिरवट-तपकिरी लगदा बाटलीत जातो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात काचेच्या इवल्या डब्या दिसतात, काही एकमेकींना चिकटून साखळी केलेल्या. या साखळीवाल्या शेवाळाचं नाव फ्रॅजिलेरिया. ते फोफावलं की तारली येते, असं १९५५ मध्येच लिहून ठेवलेलं आहे.

मग तिने एका तारलीचं डोकं उभं चिरलं आणि चिमट्याने तांदळाच्या कणीएवढा पांढरा खडा बाहेर काढला. शेजारी बसलेल्या काकी मघापासून बघत होत्या.

‘‘गो चेडवा, मासो खावचो सोडून त्येचो कान कित्याक फोडतंस?’’

‘‘वय मोजतंय, काकी.’’

‘‘वय? माका इचार मा. ही गणपतीतली पोरां.’’

तो खडा पाण्याच्या कागदावर घासून पातळ केला की त्यात झाडाच्या खोडासारखी कडी दिसतात, पण वर्षाची नव्हेत, दिवसाची. रोज एक कडं. पिल्लाच्या खड्यावरची कडी मोजली की ते कोणत्या आठवड्यात जन्मलं ते निघतं. पुढे तिने मोजलं, तेव्हा काकींचा अंदाज पाच-सहा दिवसांनीच चुकला होता.

जन्माचा आठवडा कळला की उपग्रहाची नोंद उघडायची. त्या आठवड्यात पाणी किती तापलं होतं, तळाचं थंड, खतावलेलं पाणी वर आलं होतं का, समुद्र हिरवा होता की नुसता निळा. तिच्या प्रबंधाचा कणा एवढाच आहे आणि मला तो फार हुशारीचा वाटतो. ज्या आठवड्यांत पाणी बिघडलं त्या आठवड्यांची पिल्लं टोपलीत दिसलीच नाहीत, तर दोष पाण्याचा. पिल्लं भरपूर दिसली आणि मोठी होण्याआधीच नाहीशी झाली, तर दोष जाळ्याचा. आणि दोन्ही थोडं थोडं दिसलं तर? दिसतं ते बहुतेक तेच. पाणी आधी माशाला दुबळं करतं, मग जाळं त्याला संपवतं, आणि कुणाचा वाटा किती हे एका हंगामाच्या नोंदीवर सांगता येत नाही. चार हंगामांवर थोडं सांगता येतं. शिवाय तारलीचं आयुष्यच जेमतेम अडीच वर्षांचं. दोन पावसाळे फसले की पिढी गेली, एक साधला की समुद्र भरला. केरळात गेल्या काही वर्षांत ती परत आली ती अशीच, झुंडीने, पण अंगाने बारीक.

या ‘किती’वर एवढा भर का, ते बंदरावर गेल्याशिवाय कळत नाही. तिथल्या बैठकीत पर्ससीनवाले म्हणतात, समुद्र तापला. रापणकर म्हणतात, पर्ससीनने खाल्ला. ट्रॉलरवाले दोघांकडे बोट दाखवतात. अधिकारी हवामान बदलाचं नाव घेतात, कारण त्याच्यावर गुन्हा नोंदवता येत नाही. तापल्या पाण्यावर खापर फोडलं की कुणाच्याच जाळ्याचा आस मोजावा लागत नाही. २०१६ च्या नियमांनी आपल्याकडे पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली. तारलीची पावसाळ्यात जन्मलेली पिल्लं किनाऱ्यालगत येतात तीही याच सुमाराला. केरळने दहा सेंटिमीटरच्या आतली तारली धरायची नाही असा नियम केला. काकींना मी विचारलं होतं, ही गणपतीतली पोरं धरायलाच कशाला हवीत? त्यांच्या घरधन्याने परस्पर उत्तर दिलं, ‘‘धरूक नको. पण शेजारचो धरता, आनि मी काय बघीत रवू?’’

माझा मथळा छापला असता तर या बैठकीत तो कोणाच्या हातात दिसला असता, याचा मी विचार केला नव्हता.

डॅनिएल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये एक गोष्ट नोंदवली. प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळात जेवढा मासा पाहते, तेवढाच मुळात होता असं धरून चालते, आणि घट मोजते ती तिथून. माझ्या लहानपणी भाऊबीजेच्या सुमारास आमची आई अर्ध्या टोपलीतली तारली वाडीत वाटून टाकायची. आता दहा मासे मिळाले की फोटो काढतात. पण आजोबांच्या टोपलीबद्दल मला काही माहीत नाही, आणि कदाचित माझी आठवणही मला हवी तेवढी मोठी झाली असेल. (हा माझा. तिच्या अकरांत धरू नये.) म्हणून ती फळी आणि ती शाई पसरलेली वही. आठवण फुगते, तशी मोजपट्टी फुगत नाही.

मराठीत पहिला दिवाळी अंक काढला तो काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी, १९०९ मध्ये, ‘मनोरंजन’चा. त्या अंकापासून आजवर संपादकांनी याच पानावर निश्चित बोलायचं असा रिवाज पडला आहे. समाज कुठे चालला आहे, भाषेचं काय होणार, तरुण पिढी कशी बिघडली, सगळं एका पानात आणि शंका न ठेवता. मीही तेच करत आलो. जुने अंक काढून पाहिले, माझ्या संपादकीयांत ‘कदाचित’ शोधला. एका अंकात सापडला, तोही छापखान्याची चूक होती.

बाकी अंकाबद्दल थोडक्यात. कागद महागला तरी पानं कमी केलेली नाहीत. कथा सात आहेत, त्यातल्या दोन नव्या हातांच्या. कवितांना यंदा प्रत्येकी पूर्ण पान दिलं आहे, म्हणजे कवींची दरवर्षीची तक्रार मिटावी. जाहिरातदारांनी उशिरा का होईना पैसे दिले, त्यांचे आभार. तारलीचा लेख मधल्या पानांत आहे, चौदाच्या चौदा पानं, मथळा तिनेच दिलेला : ‘तारली : चार हंगामांच्या नोंदी’. पैठणीची जाहिरात मी दुसरीकडे हलवली.

प्रुफं तपासायला ती गेल्या आठवड्यात आली होती. दिवाळीला घरी आहेस ना, असं विचारलं. आहे म्हणाली, पण नरकचतुर्दशी यंदा तिच्या नमुन्याच्या वारी आली आहे, आणि एक वार चुकला की रांगेतली एक कडी जाते. आई म्हणते, अभ्यंगस्नान करून, कारीट फोडून, पोहे खाऊन मग जा. रापण थांबत नाही. तेव्हा असं ठरलं आहे की पावणेचारला पाणी तापवायचं, सव्वाचारला अंगणात कारीट फोडायचं, आणि पोहे डब्यात. डबा मोठा घे असं मी सांगितलं. काकी विचारतीलच.