जिन्याखालचा संगणक
या आठवड्यात मारुंजीतल्या एका सोसायटीत जिन्याखाली जुना संगणक दिसला, वर चिठ्ठी: ‘चालू आहे, कोणीही न्या.’ मन मोठं खरं, पण हार्डडिस्क आतच होती. म्हणजे लग्नाचे फोटो, पॅनकार्ड, बँकेचे कागद, सगळंच दान! नुसतं डिलीट करून ते जात नाही हो, डिस्क नीट पुसूनच द्या. बंद पडलेला मात्र भंगारात नकोच. तिथून पुढे तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्याच्या कणासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवतात. धूर माणसांच्या छातीत, शिसं मातीत. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. तेव्हा बंद संगणक नोंदणीकृत रिसायकलरलाच द्या. हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटलेल्या आपल्या गावात ग्रामपंचायत आणि सोसायट्यांनी मिळून दर तीन महिन्यांनी ई-कचरा गोळा केलाच पाहिजे.