सोलापूरचं हिंजवडी करू नका

२०२५ साली मुख्यमंत्र्यांनी सोलापुरात आयटी पार्क उभारण्याची घोषणा केली आणि गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य आलं: आता आपलंही हिंजवडी होणार. पार्क यायलाच हवा. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ पासून पोरं घडवते आणि पदवी हातात पडली की ती पोरं अडीचशे किलोमीटरवरचं पुणं गाठतात. रविवारी संध्याकाळी पुण्याच्या गाड्या कुणाला घेऊन भरतात, हे सोलापुरातल्या घराघराला ठाऊक आहे. माझा विरोध आहे तो पुण्याजवळच्या हिंजवडीला आदर्श मानण्याला.

म्हणतात, तिथं पगार आहे, फ्लॅट आहे, अजून काय पाहिजे? पगाराला मी कमी लेखत नाही. विड्या वळून पोराला इंजिनीअर करणाऱ्या आयांच्या या शहरात कुणीही लेखू नये. पण त्या पगारातून काय काय विकत घ्यावं लागतं, तेही मोजा. राजीव गांधी इन्फोटेक पार्क एमआयडीसीनं वसवला, भोवतालचं हिंजवडी, माण, मारुंजी मात्र वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीखालीच राहिलं. वीस-वीस मजली सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या दारात टँकर उभे राहिले. एक रस्ता एमआयडीसीचा, दुसरा पीएमआरडीएचा, तिसरा पंचायतीचा. खड्डा कुणाचा, ते कुणीच सांगत नाही. भूमकर चौकात नि वाकडच्या पुलाखाली रोज तासन् तास जातात. कंपन्या येऊन जवळपास दोन दशकं उलटल्यावर, २०१८ च्या डिसेंबरात, मेट्रोची पायाभरणी झाली. आधी कचेऱ्या आल्या, मग घरं आली आणि शहर वसवायचं राहूनच गेलं.

यावर हमखास येणारा टोला असा: सोलापुरात तरी रोज कुठं पाणी येतं? खरं आहे. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असून काही दिवसांआड नळ येतो, ही आपल्या शहराची लाज आहे. पण इथं पाणी आलं नाही तर बायका हंडे घेऊन महापालिकेवर जातात, नगरसेवकाला गल्लीत अडवतात. तिकडे सोसायटीची कमिटी वर्गणी वाढवते आणि आणखी एक टँकर मागवते. इथला माणूस नागरिक म्हणून भांडतो, तिथं त्याला गिऱ्हाईक म्हणून पैसे मोजावे लागतात. त्यातून तिकडे गेलेल्या अनेकांची नावं अजून सोलापूरच्याच मतदार यादीत. राहतात तिथं मत नाही आणि मत आहे तिथं राहणं नाही, अशा माणसाचं गाऱ्हाणं ऐकणार कोण?

दुसऱ्या टोकाची मंडळी म्हणतात, हे चादरीचं नि विडीचं गाव, आयटी इथं रुजणार नाही. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली तेव्हा वाफेवर चालणारी गिरणीही या गावाला नवीच होती. त्या यंत्रांभोवती सोलापूरनं काय उभं केलं, ते पूर्वभागात जाऊन पाहा. तेलंगणातून पोटासाठी आलेली पद्मशाली कुटुंबं इथं मजूर म्हणून आली आणि सोलापूरकर झाली. त्यांनी माग टाकले, तेलुगू शाळा काढल्या, सहकारी रुग्णालय उभारलं, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ रस्त्यावर आणला. गिरणीचा भोंगा ऐकून पायी कामावर पोचता येईल इतक्या जवळ घरं होती. चाळी अंधाऱ्या होत्या, कष्ट अमानुष होते. त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. पण काम, घर, शाळा, देऊळ, मशीद आणि सभेचं मैदान एकाच गावात असल्यामुळे कामगाराला आवाज होता. १९३० च्या मे महिन्यात इंग्रज सरकारला मार्शल लॉ पुकारावा लागला तो याच गावात. सोलापूर-पुणे गाडीला ज्यांच्यामुळे 'हुतात्मा' हे नाव मिळालं, ते चौघे हुतात्मे याच मातीतले.

म्हणून आयटी पार्क शहराच्या हद्दीत बसवा. बंद गिरण्यांची जी जागा अजून सार्वजनिक मालकीची असेल, ती आधी तपासा. गावाबाहेर स्वस्त माळ मिळतो हे खरं, पण तिथवरचा रस्ता, पाणी, बस आणि शाळा यांचा खर्च पुढची पन्नास वर्षं रहिवाशांच्या खिशातून जातो. जुळे सोलापुरात आधी घरं झाली आणि सोयींसाठी लोकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. हा धडा घरचाच आहे. पार्कच्या पहिल्या इमारतीआधी जलवाहिनीचं पाणी, शहर बस आणि कामगाराला परवडतील अशी भाड्याची घरं, हे तिन्ही लेखी ठरायला हवं, आणि तिथला कारभार पहिल्या दिवसापासून महापालिकेकडे हवा. कंपन्यांच्या स्वागताला धावणाऱ्या आमदार-खासदारांना हे आत्ताच विचारा, जमिनीचे व्यवहार व्हायच्या आत.