लेखणीचें मौन

लेखकाचा मोठेपणा लिहिण्यांत असतो, तसाच प्रसंगीं न छापण्यांतही असतो, असें आम्हांस वाटतें. इव्हो आंद्रिच हे युगोस्लाव्हियाचे बर्लिन येथील राजदूत होते. १९४१ सालीं जर्मनीनें त्यांच्या देशावर स्वारी केली, तेव्हां ते बेलग्रेडला परतले. परचक्राखालीं देशबांधव हाल सोशीत असतां आपलीं पुस्तकें प्रसिद्ध करणें त्यांस प्रशस्त वाटलें नाहीं. ते मुकाट्यानें लिहीत राहिले. १९४५ सालीं 'द्रीना नदीवरील पूल' धरून तीन कादंबऱ्या बाहेर पडल्या. १९६१ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तें द्रव्य त्यांनीं बोस्नियांतील ग्रंथालयांसाठीं दिलें. आपलें नांव छापून आलेलें पाहण्यास उतावीळ झालेल्या आम्हां विद्यार्थ्यांनीं हा धडा अवश्य घ्यावा.