पेटीतली मखमल

दारात बोहारीण आली की आपण पेटी उघडतो, हाती लागेल ते जुने कापड देतो आणि एखादे पातेले घेतो. यापुढे मखमल हाती लागली, तर जरा थांबा.

इंग्लंड-अमेरिकेत बायका रात्रीच्या मेजवानीला पायघोळ मखमली झगे घालतात. तिकडे नव्यापेक्षा जुना झगा शोधून घेणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. का बरे? मखमलीवर धाग्यांची आखूड लव उभी असते, दाट पेरलेल्या पिकासारखी. उजेड त्या लवेत मुरतो, म्हणून रंग गडद दिसतो आणि अंग हलले की चमक सरकते. दिव्याच्या उजेडात हे रूप अधिक खुलते. जुन्या उंची झग्यांत ही लव रेशमाची असे. आता बाजारात बहुतेक मखमल पॉलिएस्टरची मिळते. तिला रेशमाचा तो मऊपणा नाही.

इंग्लंडची युवराज्ञी डायाना हिने १९८५ साली अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्ये गडद निळा मखमली झगा घातला होता. तो व्हिक्टर एडेलस्टाइन यांनी बेतला होता. त्या रात्री ती जॉन ट्रॅव्होल्टा या नटाबरोबर नाचली आणि ते छायाचित्र जगभर गेले. पुढे मुलगा विल्यम याच्या सूचनेवरून तिने आपले ७९ पोशाख लिलावात काढले. जून १९९७ मध्ये न्यूयॉर्कला हा झगा २ लाख २२ हजार ५०० डॉलरला गेला. लिलावाचा पैसा कर्करोग व एड्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थांना मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डायाना गेली. २०१९ साली तिथल्या राजवाड्यांची देखभाल करणाऱ्या संस्थेने हा झगा विकत घेऊन जपून ठेवला.

आपल्या पेटीतल्या चोळीला कोणी लाख देणार नाही. पण आईने लग्नात घातलेली मखमली चोळी एकदा गेली की पुन्हा मिळत नाही. म्हणून ती नीट सांभाळा. मखमलीवर वरून इस्त्री फिरवू नका, लव कायमची दबते. चुरगळली असेल तर उकळत्या पाण्याच्या वाफेजवळ टांगा आणि वाळल्यावर लवेच्या दिशेने मऊ कापड फिरवा. घट्ट घडी घालू नका. स्वच्छ सुती फडक्यात सैल गुंडाळून ठेवा, वर जड कपडे रचू नका. पावसाळा सरला की सावलीत वारा द्या.

पातेले काय, बाजारातही मिळते.