कंपनीचा जन्मदाखला आणि आपला सातबारा



ह्या उन्हाळ्यात आपल्या पाड्यापाड्यावर एक जीप फिरते आहे. पुढे साहेब बसलेला, मागे आपल्याच ओळखीचा दलाल. साहेबाच्या हातात रंगीत कागद. त्यात डोंगर आपलाच आहे, नदी आपलीच आहे. फक्त आपली घरं नाहीत. त्यांच्या जागी बंगले, पोहायची टाकी आणि सागाच्या रांगा. मुंबईचे लोक यात पैसे गुंतवणार, असं तो सांगतो.

मग तो एक सर्टिफिकेट काढतो. त्यावर सरकारी शिक्का. म्हणतो, "आमची कंपनी गुजरातेत रजिस्टर झाली आहे, दिल्लीच्या कायद्याने. तुमच्या महाराष्ट्राचा नियम आम्हाला लागत नाय. कलेक्टरची परवानगी वगैरे भानगड नाय. इथे अंगठा करा, इसार घ्या."

शिक्का बघून आपली माणसं गप्प बसतात. तीन पाड्यांच्या बैठकीत आम्हाला हाच प्रश्न विचारला गेला, "कंपनी सरकारी हाय का?" म्हणून हे लिहितो आहोत.

कंपनी सरकारी नाही. ते सर्टिफिकेट म्हणजे तिचा जन्मदाखला आहे, दुसरं काही नाही. कंपनी कायद्याप्रमाणे दोन माणसं एकत्र आली, कागदावर नाव, उद्देश आणि पत्ता लिहिला, फी भरली, की प्रायव्हेट कंपनी रजिस्टर होते. ज्या राज्यात तिचं नोंदलेलं ऑफिस, त्या राज्याच्या रजिस्ट्रारकडे तिची नोंद असते. मग ती देशात कुठेही धंदा करू शकते, प्रत्येक राज्यात पुन्हा जन्म घ्यावा लागत नाही. इथपर्यंत साहेब खरं बोलतो.

पुढचं खोटं आहे. जन्मदाखला मिळाला म्हणून कुणाला दुसऱ्याचं शेत मिळत नाही. धंदा करायची मोकळीक वेगळी आणि जमीन घ्यायचा हक्क वेगळा. जमीन ज्या राज्यात, कायदा त्या राज्याचा. कंपनी अहमदाबादची असो, दिल्लीची असो, नाहीतर मुंबईची, मोखाड्याच्या किंवा डहाणूच्या शेतावर महाराष्ट्राचाच कायदा चालतो.

तो कायदा काय सांगतो? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 36 अ सांगतं, की आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला आधी मंजुरी घेतल्याशिवाय देता येत नाही. विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा, सगळं त्यात आलं. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण असेल तर कलेक्टरची मंजुरी लागते. त्यापुढे काहीही असेल तर कलेक्टरला राज्य सरकारची मान्यता घ्यावी लागते. अर्ज घेणाऱ्याने करायचा असतो. कंपनीला जात नाही, जमात नाही. म्हणून कंपनी बिगर आदिवासीच. दुसरं, 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 शेतजमीन बिगर शेतकऱ्याला विकायला आडवं येतं. ऑफिसात जन्मलेल्या कंपनीने नांगर कधी धरला?

1997 साली सुप्रीम कोर्टाने आंध्रातल्या समता संस्थेच्या खटल्यात निकाल दिला. तो आंध्रच्या कायद्यावरचा निकाल आहे, पण त्यातली गोष्ट आपल्या कामाची आहे. अनुसूचित क्षेत्रात आदिवासी नसलेल्या माणसाला जमीन देता येत नसेल, तर तोच नियम खाजगी कंपनीलाही लागतो, असं कोर्ट म्हणालं. कंपनीचा बुरखा घातला म्हणून सुटका नाही.

मग कायदा इतका स्पष्ट असताना जीप कशाला फिरते? कारण त्यांना खरेदीखत नकोच आहे. त्यांना हवं आहे साठेखत, कुलमुखत्यारपत्र, 99 वर्षांचा करार, नाहीतर आपल्यातल्याच एखाद्या आदिवासीच्या नावावर जमीन आणि ताबा कंपनीचा. आणि एक कंपनी पुरत नाही. सिलिंग कायद्याने जिरायत जमिनीची मर्यादा 54 एकर आहे. म्हणून एकाच धन्याच्या चार नावांच्या चार कंपन्या, आणि चारी एकाच खोलीत.

लांबचा पत्ता पण उगाच नाही. भांडण झालं तर नोटीस कुठे पाठवणार? परराज्यातल्या एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. नोटीस परत आली, तर आपण एसटीचं भाडं काढून तिकडे शोधत जायचं का? दलाल तोवर म्हणतो, "मी फक्त मधला माणूस."

साथींनो, हा अन्याय नीट बघा. आपण वनजमिनीचा प्लॉट तीन पिढ्या कसतो. आपल्याकडे पुरावा मागतात. दंडाची पावती दाखवा, साक्षीदार आणा. हाडामांसाच्या माणसाला इथे आहोत हे सिद्ध करावं लागतं. आणि दोन सह्यांवर जन्मलेली कंपनी, जिला ना भूक लागते ना ती मरते, ती पहिल्या दिवशी "व्यक्ती" म्हणून चावडीत खुर्चीवर बसते.

बैठकीत एक म्हातारबाबा आमच्यावर रागावले. म्हणाले, "पोरांनो, कायदा सांगता. पण आखाडात घरात दाणा नसतो, पोरगी आजारी पडते, तवा पैसा कोण देतं? दलालच देतो." बाबांचं खरं आहे. त्यांना आम्ही अडाणी म्हणणार नाही. गरजेच्या वेळी खावटी मिळत नाही, म्हणून दलालाला जागा मिळते. सरकार खावटी लांबवतं आणि कंपनी इसार वाढवते, हे दोन्ही एकाच दोरीने आपल्याला बांधतात. म्हणून खावटीची लढाई आणि जमिनीची लढाई वेगळी नाही. पावसाच्या आधी खावटी मिळालीच पाहिजे, ही मागणी घेऊन आपण प्रकल्प कार्यालयावर जाणार आहोत.

पण बाबा, हेही ऐका. आमच्यातल्या एका साथीच्या काकाने 3 एकर वरकसचं साठेखत करून दिलं. इसार लग्नात आणि दवाखान्यात संपला. उरलेले पैसे आलेच नाहीत. आज त्या जमिनीला तारेचं कुंपण आहे आणि काका तिथेच रात्रीचा वॉचमन आहे. स्वतःच्या आंब्याचा पडलेला आंबा उचलला म्हणून त्याला शिव्या खाव्या लागल्या. नागली, वरई पिकायची त्या जमिनीवर आता लॉन आहे. असा एक माणूस प्रत्येक पाड्याला माहीत आहे.

म्हणून संघटनेचं सांगणं असं:

1. जीप आली की एकट्याने बोलू नका. पाडा गोळा करा. साहेबाला तीनच प्रश्न विचारा: कलेक्टरची मंजुरी कुठे? कंपनीचे डायरेक्टर कोण? सही करायला ते स्वतः येणार का?

2. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टँपवर अंगठा नाही. वाचून दाखवणारा माणूस आपला हवा.

3. कंपनीचे कागद फी भरून कुणालाही बघता येतात. कंपनीचं नाव आणि पत्ता आम्हाला कळवा, आम्ही माग काढू.

4. तलाठ्याकडे फेरफाराची नोटीस लागली का, दर आठवड्याला बघा. हरकत 15 दिवसांत लेखी द्या आणि पोच घ्या.

5. ज्यांची जमीन आधीच अशी गेली, त्यांनी लाजू नये. कायदा मोडून घेतलेली जमीन परत द्यायची कारवाई कलेक्टर स्वतःहून पण करू शकतो. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 ह्या काळात गेलेल्या जमिनींसाठी तर परत मिळण्याचा वेगळा कायदाच आहे. कागद घेऊन या.

6. ग्रामसभेत ठराव करा. डिसेंबर 1996 च्या पंचायत विस्तार कायद्यात आदिवासी जमीन जाण्यापासून रोखण्याचा आणि बेकायदा गेलेली परत मिळवण्याचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला द्यायला सांगितलं आहे. आपण ठराव आजच लिहू.

कंपनी बंद पडली की तिचं नाव रजिस्टरातून खोडतात आणि धनी दुसऱ्या नावाने तिसऱ्या राज्यात नवी काढतो. आपल्याला दुसरं गाव काढता येत नाही. आपले देव, आपली राबाची जागा, आपल्या माणसांची माती इथेच आहे.

पुढच्या वेळी जीप आली, तर ती भरलेली आली तशीच रिकाम्या कागदानिशी परत गेली पाहिजे.

जोहार! जिंदाबाद!