उधारी बंद करू का, ताई?

हरसूलहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका, असे त्यांनी बजावले आहे, म्हणून नाव देत नाही. पत्र थोडे कापून देते:

"ताई, मालक गेल्यापासून तीन वर्षं किराणा दुकान मीच बघते. गिऱ्हाईक दिवसभर असतं, पण महिना सरला की व्यापाऱ्याला द्यायला गल्ल्यात पैसे नसतात. वही उघडावी तर उधारीच उधारी. दीर म्हणतात, 'उधार बंद'ची पाटी लावा, नाहीतर गाळा भाड्यानं देऊन टाका. पण ज्या बायांनी माझ्या दुःखात दहा दिवस भाकरी आणून दिली, त्यांना आषाढात रिकाम्या पिशवीनं परत कसं पाठवू? मुलगी बारावीला आहे. तिची पुढची फी ह्याच दुकानातून निघायची आहे. काय करू?"

बाई, पाटी लावू नका आणि गाळाही देऊ नका. मात्र वही आज आहे तशी ठेवूही नका.

आधी आपल्या गावाचे वर्ष बघा. तुमचा मुलूख पावसाचा. भात, नागली, वरई, खुरासणी, सगळे पावसावर. दिवाळीनंतर भाताची झोडणी आटोपली की घरोघरची माणसे द्राक्षबागांच्या कामाला गिरणारे, दिंडोरी, निफाडकडे जातात. बागा संपवून परततात तेव्हा हाती चार पैसे असतात. लावणीच्या दिवसांत मात्र कणगीही रिकामी आणि हातही रिकामा. ही अडचण सरकारलाही ठाऊक होती. आदिवासी विकास महामंडळ १९७२ साली निघाले, त्याची मुख्य कचेरी नाशिकलाच. पावसाळ्यात पोटासाठी सावकाराचे दार धरावे लागू नये, म्हणून १९७८ पासून खावटी कर्ज सुरू झाले. पुढे करोनाच्या काळात, २०२० साली, शासनाने कुटुंबाला ४,००० रुपयांचे खावटी अनुदान जाहीर केले. निम्मे रोख, निम्मे वस्तूंच्या रूपाने.

तुमची आषाढातली उधारी म्हणजे दुकानातली खावटीच. ती द्यावी. पण खावटी कर्जालासुद्धा घरातल्या माणसांप्रमाणे मर्यादा होती. तुमच्या वहीला ती नाही. सगळे दुखणे तिथे आहे.

आता थोडा हिशेब करू या. तुमची विक्री रोजची ३,००० रुपये आणि शंभरामागे सुटतात १० रुपये, असे धरा. एका घराची ५०० रुपयांची उधारी बुडाली, तर तुमच्या पदरचा ४५० रुपयांचा माल गेला. तो भरून काढायला ४,५०० रुपयांची विक्री हवी. म्हणजे दीड दिवस दुकानात उभ्या राहिलात ती निव्वळ फुकट! हे एकदा मनात ठसले की "नाही" म्हणायला जीभ अडखळत नाही.

मग उधारी द्यायची कशी?

प्रत्येक घराला वहीत वेगळे पान द्या. त्या पानाच्या माथ्यावर मर्यादा लिहा. ती त्या घरात कमावते हात किती, त्यावरून ठरवा. आपला लळा किती, त्यावरून नको. उधारीवर मीठ, तेल, डाळ, चहा-साखर, साबण द्या. बिस्किटे, वेफर्स, थंड पेये, तंबाखू ह्यांना रोख पैसे. नोंद गिऱ्हाइकासमोरच करा आणि तीच त्यांच्या छोट्या वहीतही लिहून द्या, म्हणजे पुढे शब्दाने शब्द वाढत नाही. फेडीचा दिवसही तेव्हाच ठरवा. "बघू पुढं" असे म्हटलेली उधारी परत येत नाही, बरं का!

जुनी बाकी थकली असेल तर तिच्याखाली रेघ मारा आणि ती वेगळी ठेवा. "मावशी, जुनं दर बाजाराला शंभर-पन्नास द्या, नवं मी वेगळं मांडते," असे सांगितले की माणूस तोंड चुकवत नाही. एकदम सगळे मागितले तर तो दुसऱ्या दुकानात जातो आणि आपले पैसेही जातात, गिऱ्हाईकही जाते.

आता एक नाजूक गोष्ट. सगळी उधारी गावातच असते असे नाही. एक मोठे खाते आपल्याच चुलीचे असते! दुकानातून घरात गेलेली साखर, पाहुणे आले म्हणून उघडलेला चहाचा पुडा, हे कुणी लिहीत नाही. घराच्या नावाचे एक पान उघडा आणि खरेदीच्या भावाने सारे मांडा. स्वतःला दरमहा ठरावीक रक्कम पगार म्हणून घ्या आणि घर त्यात भागवा. फोनवरून येणारे पैसे दुकानाच्या वेगळ्या खात्यात जाऊ द्या. घरच्या खात्यात मिसळले की ते कधी खर्च झाले, कळतच नाही.

माल भरतानाही गावचे पंचांग डोळ्यांपुढे हवे. माणसे कामाला गेली की विक्री उतरते. तेव्हा गोणी भरून ठेवू नका. लावणीच्या आधी मीठ, तेल, काड्यापेट्या, ताडपत्री हाताशी असू द्या. तुमच्याकडच्या पावसात मीठ पाझरते, काड्या सादळतात. गोणी जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. काड्यापेट्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चहापत्तीशेजारी साबण-अगरबत्ती नको, चहाला वास लागतो. नवा माल मागे, जुना पुढे. तारीख उलटून गेलेला पुडा म्हणजे बुडालेली उधारीच.

तराजूची पडताळणीही विसरू नका. लोखंडी वजनांची दोन वर्षांनी, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी करून घ्यावी लागते. तो शिक्का गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवा. दुकान मापाच्या विश्वासावर चालते.

भांडवलाची अडचण असेल तर बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करा. २०१५ साली निघालेल्या ह्या योजनेत 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळते. पण ते कर्ज नवा माल भरायला घ्या. जुन्या उधारीचे भोक बुजवायला घेतले तर भोकही राहील आणि हप्ताही.

आणि हो, रविवारी संध्याकाळी वहीची बेरीज मुलीकडून करून घ्या. आपल्या फीचे पैसे कुठे अडकले आहेत, हे तिलाही कळू द्या. तिचा हात वहीवर पडला की तुमचा हात उधारी देताना आपोआप सावध होईल.

जाता जाता उधारी घेणाऱ्या मैत्रिणींनाही एक सांगते. अडचणीत ज्या दुकानाने पिशवी भरून दिली, त्याला हातात पैसे आल्यावर बगल देऊन रोखीचा बाजार नाशिकहून आणू नका. आधी वही कोरी करा. ते दुकान उघडे राहिले, तरच पुढच्या आषाढात तुमची चूल पेटेल.